तक्रारदार, आठवी ब

पाकीट आलं ते तिसऱ्या तासाच्या घंटेबरोबर. शिपाईमावशींनी ते आणून तिच्या समोरच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "घ्या बाई. आता पोरांनापण टपाल यायला लागलं." पाकिटावर नगरपालिकेचा शिक्का होता आणि त्याखाली निळ्या शाईत, कुणाच्या तरी कंटाळलेल्या अक्षरात पत्ता होता: तक्रारदार, इयत्ता आठवी ब, हजेरी क्रमांक एकोणतीस. तिला आधी हसू आलं. शिक्षकखोलीत तिला सगळे नागरिकबाई म्हणत, कारण तिथे जो तो आपल्या विषयाच्या नावानेच ओळखला जाई. भूगोलाला चहा बिनसाखरेचा लागे, गणिताला पित्ताचा त्रास होता, आणि नागरिकशास्त्र शिकवणारी ती नागरिक. तेवीस वर्षं त्या खोलीत ती एकटीच नागरिक होती आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं, तिलासुद्धा. हसत हसतच तिने पाकीट फोडलं. आतलं वाचता वाचता तिचं हसू विरलं.

कागद दोन होते. पहिल्यावर छापलं होतं की बाजारामागील महिला शौचालयाबाबतचा आपला अर्ज प्राप्त झाला असून सदर जागेची पाहणी आज दुपारी तीन वाजता करण्यात येईल, तक्रारदाराने जातीने हजर राहावे, गैरहजर राहिल्यास तक्रार निकाली काढण्यात येईल. दुसरा कागद म्हणजे त्या अर्जाची झेरॉक्स. वहीचंच पान होतं ते, समास आखलेलं, आणि अक्षर तिने बघताक्षणी ओळखलं. उजवीकडे झुकणारं, दाबून काढलेलं, पेन्सिल चावणाऱ्या मुलीचं. 'बाजाराच्या मागे बायकांचे शौचालय आहे. ते बांधून दोन वर्षे झाली. त्याला कुलूप आहे. आत मंडपवाल्यांच्या खुर्च्या ठेवल्या आहेत. कुलूप कुणी लावले ते सगळ्यांना माहीत आहे. ते उघडावे.' आणि त्याखाली नागरिकबाईंचं स्वतःचं अक्षर: 'मुद्दा स्पष्ट. भाषा अधिक नम्र हवी. शेवटून दुसरे वाक्य वगळावे. दहापैकी सहा.' मग तिची सही, तारीख, आणि शाळेच्या नावाचा 'तपासले' असा गोल शिक्का. वहीत हे सगळं लाल होतं. झेरॉक्समध्ये ते काळं झालं होतं, आणि काळ्या शाईत तो बाईंचा शेरा वाटतच नव्हता. कुण्या मोठ्या अधिकाऱ्याने शिफारस करून खाली सही ठोकावी तसं दिसत होतं. सरकारी काम अन् सहा महिने थांब असं म्हणतात, पण या कामाला जेमतेम तीन आठवडे लागले होते. शिक्क्याचा प्रताप, दुसरं काय.

हा अर्ज म्हणजे तिसऱ्या धड्याचा स्वाध्याय होता. 'आपल्या परिसरातील एका समस्येविषयी प्रभाग कार्यालयास अर्ज लिहा.' दरवर्षी हा धडा यायचा, दरवर्षी चाळीस-बेचाळीस अर्ज तिच्या टेबलावर पडायचे, आणि त्यातले निम्म्याहून जास्त अर्ज गल्लीतल्या बंद दिव्याचे असायचे, कारण बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकात नमुना दिव्याचा होता. ज्यांच्या गल्लीत दिवा होता तेही तो बंद आहे म्हणून लिहायचे, आणि ज्यांच्या गल्लीत खांबच नव्हता तेही. ती तारीख बघायची, विषय अधोरेखित केलाय का बघायची, 'आपला विश्वासू' योग्य जागी आहे का बघायची. वर्ष संपलं की वह्या रद्दीत. इतक्या वर्षांत हजारभर अर्ज तिच्या हाताखालून गेले असतील आणि एकानेही, तिने स्वतःनेसुद्धा, विचारलं नव्हतं की हे जातं कुठे. नाटकातल्या टेलिफोनवर बोलावं तसं सगळं चाललं होतं. आता त्या टेलिफोनमधून कुणीतरी पलीकडून हॅलो म्हणालं होतं.

मुख्याध्यापकांचं बोलावणं यायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर फार सोपं गेलं असतं. वर्गावर्गातले पंखे त्यांनी खेटे घालून बसवून घेतले होते, आणि तिची आई गेली तेव्हा तिचे सगळे तास त्यांनी स्वतः घेतले होते. आज त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि मग डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढला की त्यांना समोरच्याचा चेहरा नीट दिसत नसे, म्हणून अवघड बोलायचं असलं की ते तो काढत.

"हे काय लफडं आहे, बाई?"

"गृहपाठ आहे, सर."

"गृहपाठ ना? झालं तर मग. तेवढंच लिहून द्या." त्यांनी टाइप केलेला एक कागद तिच्याकडे सरकवला. 'सदर पत्र हा विद्यार्थ्यांच्या सरावासाठी दिलेला स्वाध्याय असून त्यातील मजकूर काल्पनिक आहे. त्याच्याशी माझा अथवा शाळेचा कोणताही संबंध नाही.' खाली तिच्या नावापुरती जागा सोडली होती.

"काल्पनिक?"

"मग काय ऐतिहासिक?" आपल्याच विनोदावर ते थोडं हसले. "नगरसेवकांचा फोन होता सकाळी. शाळेच्या शिक्क्यानिशी तक्रार गेलीय त्यांच्या भावाविरुद्ध. तो मंडपवाला भाऊ. स्नेहसंमेलनाला चारशे खुर्च्या कोण देतो आपल्याला, दरवर्षी, एका शब्दावर?"

चारशे खुर्च्या तिला आठवल्या. पांढऱ्या, पाठीवर पिवळा पट्टा ओढलेल्या. ती दरवर्षी त्यांच्यावर बसत आली होती, पाहुण्यांच्या शेजारी, हातात कार्यक्रमपत्रिका घेऊन.

"कुलूप खरंच आहे का, सर?"

"मला काय ठाऊक? मी काय बायकांच्या शौचालयात डोकावू?"

"मीही कधी बघितलं नाही."

"बघितलं नाही ना? मग काल्पनिकच की." त्यांनी चष्मा हातात घेतला, पण घातला नाही. "हे बघा, पर्यवेक्षकपदाची यादी या आठवड्यात संस्थेकडे जातेय. पहिलं नाव तुमचं आहे. मीच घातलंय. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, असं नका करू या वेळेला. दोनच्या आत सही करून पाठवा. ते तीनला जातील, बघतील, निकाली काढतील. कुणाचं काही अडलं नाही, कुणाचं काही गेलं नाही."

शिक्षकखोलीत परत आल्यावर तिने तो कागद समोर ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं. करायचं एवढंच होतं, नाव लिहायचं. घरी फोन लावावा असं एकदा मनात आलं, पण नवरा काय म्हणेल ते फोन न लावताही ऐकू येत होतं. बत्तीस वर्षांच्या संसारात त्याने प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं, "सोड ना," आणि खरं सांगायचं तर त्या दोन शब्दांवर संसार बरा चालला होता. भूगोल शेजारी येऊन बसली, कागद वाचला, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "कर सही आणि मोकळी हो बाई. आपण बरं, आपलं काम बरं. त्या पोरीला काय कळतंय? चार दिवसांत विसरेल." वर पंखा फिरत होता, त्याचं एक पातं थोडं वाकलेलं होतं म्हणून दर फेरीला टक्‌ असा आवाज येत होता. तिने पेनाची निब कागदाला टेकवली. नावाचं पहिलं अक्षर अर्धं उमटलं. त्याच्या बरोबर वर 'कोणताही संबंध नाही' हे शब्द होते, आणि ते शब्द वाचताना तिच्या तोंडाला लोखंडाची चव आली. ही चव तिने पूर्वी एकदा घेतली होती, नक्की, आणि कुठे ते आठवायला नको म्हणून ती झटकन पंख्याकडे बघायला लागली. पण आठवणी काय शिकवणीच्या मुलांसारख्या असतात का, आज सुट्टी म्हटलं की घरी जाणाऱ्या?

अकरा वर्षांची होती ती. त्यांच्या आळीत दहा दिवस पाणी नव्हतं. अकराव्या दिवशी आईने कणीक मळता मळता हात तसेच काढले, कोपऱ्यातली रिकामी लोखंडी बादली उचलली आणि दुसऱ्या हाताने हिचं मनगट धरलं. पाणी खात्याच्या कचेरीपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. आत गेल्यावर मात्र तिने ती बादली साहेबाच्या टेबलावर अशी आदळली की दौत कलंडली आणि फायलींवर निळं तळं झालं. "हिच्यात पाणी दिसेस्तोवर मी हलायची नाही," आई म्हणाली. म्हणाली कसली, ओरडली. तिचा अंबाडा सुटला होता, कोपरापर्यंत कणीक वाळून पांढरी झाली होती, आणि टेबलाटेबलांवरची माणसं एकमेकांकडे बघून हसत होती. हिने तोवर मनगट सोडवून घेतलं होतं. चार पावलं मागे, दाराच्या कडेला ती उभी होती, कडीला तोंड लावून, त्या गंजक्या कडीची चव जिभेवर घेत. एक म्हातारा कारकून उठून तिच्याजवळ आला. प्रेमळ होता बिचारा. त्याने वाकून विचारलं, "काय गं बाळ, ती तुझी आई का?" आणि ती म्हणाली, "नाही. मी काकांबरोबर आलेय." तिला काका नव्हताच. कारकुनाने मान हलवली आणि तो परत जागेवर गेला. आईने ऐकलं होतं की नाही हे तिला कधीच कळलं नाही. परत येताना आईने बादली तिच्या हातात दिली, एवढंच. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं, आळीतल्या बायका आईला हसत हसत साहेबीणबाई म्हणायला लागल्या, आणि ती तेवढी त्या हसण्यात कधी सामील झाली नाही.

त्यानंतर आयुष्यभर तिने आवाज चढवला नव्हता. नागरिकशास्त्र तिला आवडलं ते त्यातल्या शिस्तीमुळे, असं ती सगळ्यांना सांगत आली होती. प्रति, महोदय, विषय, नम्र विनंती. सगळं कसं आखलेल्या समासाच्या आत. मुलांनी समासाबाहेर लिहिलं की ती लाल रेघ मारायची. आता पंख्याचं टक्‌ टक्‌ ऐकत बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की तेवीस वर्षं तिने मुलांना जे शिकवलं ते एवढंच होतं: आईपासून चार पावलं लांब कसं उभं राहायचं. पाणी कुणामुळे आलं हे तिला अकराव्या वर्षीही माहीत होतं. कचेरीतल्या हसणाऱ्या माणसांनाही माहीत होतं. माहीत असलेलं वाक्य वगळावं, हा शेरा तिने एकोणतीसच्या वहीत लिहिला होता, पण सराव त्या दाराच्या कडेपासून चालू होता. तिला स्वतःची लाज वाटली. मोठ्या, चांगल्या, खणखणीत शब्दांत वाटली, आणि ती लाज गिळायला तिने पाण्याचा पेला उचलला तर पेला रिकामा होता. पाचव्या तासाची घंटा झाली. अर्धं अक्षर उमटलेला कागद तसाच वहीत घालून ती आठवी ब कडे निघाली.

ती वर्गात शिरताच मुलं उठली, 'नमस्ते बाई' झालं, बाकं कुरकुरली. तिने हजेरी घेतली. एकोणतीस म्हटल्यावर शेवटून दुसऱ्या बाकावरून "हजर" आलं, नेहमीसारखं, घशातल्या घशात. "उभी राहा," ती म्हणाली. मुलगी उभी राहिली. किडकिडीत, दोन वेण्या, एका वेणीची रिबीन वेगळ्या रंगाची. "अर्ज तू नेऊन दिलास?"

"नाही बाई. आईने दिला."

"आईने? का?"

मुलीने शेजारणीकडे बघितलं, मग फळ्याकडे. "तिला वाचता येत नाही. मी वही दाखवली तर तिने लाल सही बघितली, शिक्का बघितला. म्हणाली, हे तर मंजूर झालंय की गं. मी म्हटलं, अगं तो गृहपाठ आहे. ती म्हणाली, बाईंनी शिक्का मारलाय, उगाच मारतील का? पान फाडून घेतलं आणि कचेरीच्या खिडकीत नेऊन दिलं."

वर्ग हसला. पहिल्या बाकावरचा एक तर बाकावर थापा मारून हसला. नागरिकबाई हसल्या नाहीत. लाल शाई म्हणजे मंजुरी, हे त्या बाईला कुणी शिकवलं? ज्यांच्या दारात आयुष्यभर लाल शाईची वाट बघत उभं राहावं लागलं, त्यांनीच. आणि तिने सहीला किंमत दिली, सही करणारीने स्वतः दिली नव्हती तेवढी.

"खिडकीतला माणूस काय म्हणाला?"

"त्याने पण शिक्का बघितला आणि घेतलं. एरवी आईचं कुणी काही घेत नाही."

"आई काय करते?"

"बाजारात इस्त्रीच्या दुकानात असते. शौचालयाच्या समोरच."

पुढचा प्रश्न विचारताना तिची जीभ अडखळली. तेवीस वर्षांत वर्गात तिने हा शब्द 'सार्वजनिक स्वच्छता' या मथळ्याखालीच उच्चारला होता. "मग ती... जाते कुठे?"

मुलं खुसखुसली. एकोणतीस मात्र गंभीरपणे, गणिताचं उत्तर सांगावं तशी म्हणाली, "जात नाही. ती दिवसभर पाणीच पीत नाही, बाई. सकाळी आठपासून इस्त्रीजवळ उभी असते आणि पाणी पीत नाही. संध्याकाळी घरी आली की तांब्याभर पिते, एकदम. डॉक्टर ओरडले तिला, पाणी पी म्हणून. ती हो म्हणाली." खुसखुस थांबली. बाहेर मैदानावर कवायतीची शिट्टी वाजत होती. मुलगी बोटाने वेणीची रिबीन गुंडाळत म्हणाली, "बाई, सर तुम्हाला ओरडले ना? मावशी सांगत होत्या. मी लिहून देते, मी खोटं लिहिलं म्हणून. मधल्या सुट्टीत आईला जाऊन सांगितलं, ती म्हणाली, बाईंना आपल्यापायी त्रास नको." आणि मग, बाईंचं समाधान व्हावं म्हणून, "या वेळी नम्र लिहीन."

तिला राग आला. किती वर्षांनी आला हे तिलाही सांगता आलं नसतं. आधी तिला वाटलं, आता रडू येणार, पण ते रडू नव्हतं. खुर्च्यांचा राग, कुलुपाचा राग, चष्मा काढून बोलण्याचा राग, 'सोड ना'चा राग, आणि सगळ्यात जास्त त्या सहा गुणांचा. तेरा वर्षांची पोर खरं लिहून वर माफी मागायला तयार झाली होती, आणि हे तिला कुठल्या धड्यात शिकवलं होतं? याच वर्गात, याच फळ्यासमोर. राग आला आणि तिला फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी भूक लागावी तसं वाटलं.

"खाली बस," ती म्हणाली. "काही लिहून द्यायचं नाही. तुझं खरं होतं. सहा दिले ते माझं चुकलं."

"मग दहा द्या बाई तिला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"दहा नाही देत. तारीख चुकीच्या बाजूला लिहिलीय." वर्ग पुन्हा हसला, आणि या वेळी तीही हसली. "नऊ."

मुख्याध्यापकांच्या खोलीत ती गेली तेव्हा पावणेदोन झाले होते. टाइप केलेला कागद तिने त्यांच्या टेबलावर ठेवला, अर्ध्या अक्षरासकट, आणि त्यावर दुसरा कागद ठेवला. हा तिने वर्गातच, मुलं धडा वाचत असताना लिहिला होता. आयुष्यभर मुलांचे अर्ज तपासणाऱ्या बाईने लिहिलेला हा पहिला खरा अर्ज, आणि लिहिताना तिच्या ध्यानात आलं होतं की 'कृपया' हा शब्द घातला नाही तरी वाक्य पूर्ण होतं. 'आज दुपारी अर्धा दिवस रजेवर जात आहे. कारण: तक्रारदार म्हणून स्थळपाहणीस हजर राहणे.'

मुख्याध्यापकांनी तो दोनदा वाचला. "ही रजा मी मंजूर करणार नाही."

"मंजुरीसाठी नाही दिला, सर. माहितीसाठी दिलाय."

"बाई, तुम्हाला कळतंय का काय करताय? यादीतून नाव जाईल. वर चौकशी लागेल. शिक्का शाळेचा आहे."

"शिक्का शाळेचा, सही माझी. चौकशीत तसंच सांगेन."

"अहो, कोण कुठली इस्त्रीवाली, तिच्यासाठी?" ते खरोखर कळवळून बोलत होते, त्यांना तिची काळजी वाटत होती आणि ती तिला दिसतही होती. "नम्रपणे सांगतोय तुम्हाला."

"ते कळलं, सर," ती म्हणाली. "नम्रच आहात तुम्ही. मीही होते."

पावणेतीनला ती निघाली तेव्हा बाहेर ऊन चांगलंच चढलं होतं. शाळेपासून बाजार चालत दहा मिनिटांवर. त्या दहा मिनिटांत तिचं धैर्य तीन वेळा गळालं, हे लपवण्यात अर्थ नाही. दवाखान्याच्या कोपऱ्यावर वाटलं, परत फिरावं. टपालपेटीपाशी वाटलं, पर्यवेक्षकाची खोली किती छान आहे, खिडकीत झाड आहे, स्वतंत्र टेबल आहे, वयाच्या या टप्प्यावर माणसाने आणखी मागावं काय. भाजीच्या गाड्यांपाशी वाटलं, ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं, कुठे चाललात बाई, तर शौचालयाकडे? आणि पाय मात्र आपले चालत राहिले, धैर्याची वाट न बघता. पाय शहाणे असतात. त्यांना वळायला कुणी सांगितलं नाही तर ते सरळच जातात.

इमारत छोटी होती, निळ्या फरशांची. दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी, तिच्यावर उद्घाटकांचं नाव, अध्यक्षांचं नाव, प्रमुख पाहुण्यांचं नाव, आणि 'महिलांसाठी' हा शब्द सगळ्यांत खाली, सगळ्यांत बारीक. दाराला मुठीएवढं कुलूप. वरच्या जाळीतून आत एकावर एक रचलेल्या खुर्च्यांच्या पाठी दिसत होत्या, पिवळ्या पट्ट्यांच्या. समोर इस्त्रीचं दुकान होतं आणि तिथे कपाळावर घाम पुसत एक बाई उभी होती. वेण्या नव्हत्या, पण हनुवटी थेट एकोणतीसची. नगरपालिकेचा निरीक्षक आधीच आला होता. तरुण होता, एका हातात हेल्मेट, दुसऱ्यात फाइल, आणि चेहऱ्यावर अजून चार ठिकाणी जायचंय असा भाव. त्याच्या शेजारी एका मोटारसायकलवर रेलून मंडपवाले उभे होते.

"तक्रारदार कोण?" निरीक्षकाने आजूबाजूला बघत, कुणी नाही असं गृहीत धरूनच विचारलं.

"मी."

त्याने कागदाकडे बघितलं. "इथे एकोणतीस लिहिलंय."

"एकोणतीसचा आत्ता गणिताचा तास आहे. मी तिची बाई. खालची सही माझी आहे."

मंडपवाले हसले. "बाई, शाळेला लागतात तेव्हा आमच्या खुर्च्या बऱ्या चालतात."

"बसलेय ना मी त्यांच्यावर. छान आहेत. फक्त इथे नकोत."

"किल्ली कुणाकडे?" निरीक्षकाने विचारलं.

"भावाकडे. आणि भाऊ बाहेरगावी," मंडपवाले म्हणाले. हे इतकं पटकन आलं की निरीक्षकानेही मान वर केली नाही. त्याने हेल्मेटवर फाइल ठेवली आणि लिहायला सुरुवात केली, लिहिता लिहिता स्वतःशी पुटपुटत: पाहणीवेळी जागा बंद आढळली. इमारत सुस्थितीत. परिसरात वापराची मागणी आढळून आली नाही.

"थांबा," ती म्हणाली. "मागणी आढळली नाही म्हणजे?"

"म्हणजे बाई, दोन वर्षं बंद आहे, कुणी उघडा म्हणून आलं नाही. नोंद तशीच करावी लागते. आता तुम्ही आलात, पण तुम्ही इथल्या नाही. तुम्हाला थोडंच लागतंय हे?" तो उद्धटपणे बोलला नाही. त्याला खरंच लवकर निघायचं होतं.

इस्त्रीच्या कोळशाचा वास येत होता. समोर भाजीवाल्या बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. तिच्या कानशिलांत गरम रक्त चढलं आणि ते सबंध चेहऱ्यावर पसरलं, आणि तिला कळलं की आपण आता काय बोलणार आहोत, आणि हेही कळलं की ते बोलल्यावर गावात, शाळेत, घरात ते फिरणार आहे, लोक वर्षभर पुरवून पुरवून सांगणार आहेत. सांगू देत.

"लागतंय," ती म्हणाली. "मला जायचंय."

"काय?"

"मला जायचंय. सकाळपासून तीन चहा झालेत आणि मला आत्ता जायचंय. उघडा."

मंडपवाल्यांनी मान दुसरीकडे वळवली. निरीक्षकाचं पेन हवेत राहिलं. "बाई, तुम्ही शाळेत जाऊन..."

"शाळेत नाही. इथे. वर महिलांसाठी लिहिलंय. मी महिला आहे आणि मला लागलीय. आणखी काय हवं तुम्हाला, अर्ज?"

एक भाजीवाली मोठ्याने हसली. हसण्यात टिंगल नव्हती. मग ती पोत्यावरून उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "मलापण लागलीय. दोन वर्षांची." इस्त्रीवाली बाई दुकानातून बाहेर आली. तिने निरीक्षकाकडे बघितलं नाही, मंडपवाल्यांकडे तर नाहीच नाही. ती सरळ येऊन नागरिकबाईंच्या मागे उभी राहिली, इतकी जवळ की तिच्या अंगाची धग पाठीला लागत होती. तिच्यामागे भाजीवाली. तिच्यामागे फुलं विकणारी, मग कापडाच्या दुकानातल्या दोघी, मग एक म्हातारी, जिला काय चाललंय ते विचारावं लागलं नाही.

"भावाला फोन लावतो," मंडपवाले म्हणाले, पण भाऊ लांब गेलाय असं त्यांच्या आवाजावरून आता वाटत नव्हतं.

"लावा. आम्ही थांबतो." तिने निरीक्षकाच्या कागदावर बोट ठेवलं, शेवटच्या ओळीवर. "ही ओळ खोडा. आणि मागणी किती आढळली ते आकड्यात लिहा. मोजा."

निरीक्षकाने एकदा घड्याळाकडे बघितलं. मग त्याने ती ओळ खोडली, पेन उलटं धरलं आणि डोकी मोजायला लागला. अकरापर्यंत आला आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली, कारण मागे अजून बायका येत होत्या.